पावशेर तूप आणि मागचा जन्म

तुकोबांनी आपल्या गुरूपदेशाच्या स्वप्नाची हकिगत अभंगात सांगितली आहे. स्वप्न कसं टिपावं हे शिकायचं असेल तर ती जरूर वाचावी. गंगास्नानाला जाताना वाटेत गुरूंची गाठ पडली, त्यांनी मस्तकावर हात ठेवला. भोजनाला पावशेर तूप मागितलं, आणि ते द्यायचं स्वप्नातच राहून गेलं. राघवचैतन्य, केशवचैतन्य अशी परंपरेची खूण सांगितली, स्वतःचं नाव बाबाजी सांगितलं, 'राम कृष्ण हरि' हा मंत्र दिला. दिवस माघ शुद्ध दशमी, गुरुवार. तिथी, वार, नावं, कानावर पडलेले शब्द, सगळं जागच्या जागी आहे. आणि ते तूप आहे. रचून सांगणाऱ्याने दिव्य प्रकाश घातला असता, पुष्पवृष्टी घातली असती. पावशेर तूप आणि त्याचा विसर कुणी रचून घालत नाही. गुरूंनी एवढी घाई का केली यावर तुकोबा काहीतरी अंतराय आला असावा एवढंच म्हणतात, तेही 'काय कळे' असं म्हणून.

त्यांचं दुसरं स्वप्न आपल्या विषयाच्या, म्हणजे धार्मिक स्वप्नं कशी टिपावीत आणि त्यांवरून पूर्वजन्माचं काय म्हणता येतं याच्या, आणखी जवळचं आहे. पांडुरंगाला बरोबर घेऊन नामदेव स्वप्नात आले, कवित्व करायला सांगितलं आणि शतकोटी अभंगांच्या संकल्पातलं उरलेलं काम तुकोबांवर सोपवलं. पुढे परंपरेने तुकोबांना नामदेवांचा अवतार मानलं. पण स्वप्नातला मजकूर नीट पाहा. तिथे दोन माणसं आहेत, एक काम सोपवणारा आणि एक घेणारा. 'तू म्हणजेच मी' असं नामदेव कुठेही म्हणत नाहीत. अवतार ही श्रद्धेने नंतर घातलेली भर आहे. श्रद्धेच्या जागी ती योग्यही असेल, पण स्वप्नाच्या नोंदीत ती बसत नाही. धार्मिक स्वप्नांवरून पूर्वजन्माचे जे दावे होतात, त्यांतले बरेचसे याच सांध्यात तयार होतात. स्वप्नात कुणीतरी भेटलेलं असतं आणि सकाळी सांगताना 'मीच तो होतो' असं होऊन बसतं.

म्हणून दोन प्रश्न पहिल्यापासून वेगळे ठेवावेत. हे स्वप्न मला काय सांगतंय, हा एक. हे मागच्या जन्मातलं काही आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तुमच्या जगण्यात शोधायचं असतं, दुसऱ्याचं कागदपत्रांत. एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही. देवदर्शनाने डोळ्यांत पाणी आलं म्हणून पूर्वजन्म सिद्ध होत नाही, आणि पूर्वजन्म सिद्ध झाला नाही म्हणून ते पाणी खोटं ठरत नाही.

गंमत म्हणजे जुन्या परंपरांनीही ही दोन खाती वेगळीच ठेवलेली दिसतात. पतंजलींच्या योगसूत्रांत स्वप्न येतं ते पहिल्या पादात, मन स्थिर करायचं एक आलंबन म्हणून. पूर्वजन्माचं ज्ञान येतं तिसऱ्या पादात, आणि ते संस्कारांच्या साक्षात्काराने होतं असं सूत्र सांगतं. तिथे स्वप्नाचा उल्लेख नाही, संयमाचा आहे, म्हणजे पूर्ण जागेपणीच्या साधनेचा. बुद्धांना मागचे जन्म आठवले ते बोधीच्या रात्री पहिल्या प्रहरात, ध्यानात, जागेपणी. संत बहिणाबाईंच्या बाबतीत तर दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात सापडतात. तुकोबांचा अनुग्रह त्यांना स्वप्नात झाला, पण मागच्या बारा जन्मांची हकिगत त्यांनी आयुष्याच्या अखेरीस, जागेपणी, मुलाला सांगितली. बुद्धांची आई मायादेवी हिच्या स्वप्नातला पांढरा हत्ती किंवा महावीरांची आई त्रिशला हिची स्वप्नं (श्वेतांबर परंपरेत चौदा, दिगंबर परंपरेत सोळा) ही येणाऱ्या जीवाची चाहूल आहेत. स्वप्न पाहणारीचा मागचा जन्म त्यांत नाही.

याला एक वजनदार अपवाद आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात म्हटलंय की पुरुषाची, म्हणजे जीवाची, स्थानं दोन, हा लोक आणि परलोक; स्वप्न हे तिसरं, संध्य, म्हणजे सांध्यावरचं, आणि तिथे उभं राहून तो दोन्ही पाहतो. यावर शंकराचार्यांचा युक्तिवाद असा: स्वप्न ही बहुतेक वेळा आधी पाहिलेल्याचीच स्मृती असते, पण या जन्मी अनुभवता येणार नाही असंही पुष्कळ काही स्वप्नात दिसतं, त्या अर्थी हा जन्म सोडून दुसरंही काही आहे. मात्र हा युक्तिवाद परलोक आहे एवढंच म्हणतो. अमुक गावातला अमुक माणूस मी होतो, इथवर तो पोचत नाही. आणि तेच आचार्य ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात स्वप्नसृष्टीला मायामात्र म्हणतात, फार तर सूचक.

वैद्यकातली चाळणी अधिक व्यवहारी आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिलेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. म्हणजे पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, हवंसं वाटलेलं, कल्पनेतलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडलेलं. यांतले पहिले पाच निष्फळ समजावेत, असं तिथे स्पष्ट आहे. दिवसा पडलेलं, फार आखूड आणि फार लांबलेलं स्वप्नही निष्फळ. पूर्वजन्माचं म्हणून वेगळं खातं या सातांत नाहीच.

रात्रीच्या पहिल्या भागातलं स्वप्न अल्पफल, आणि जे पाहून पुन्हा झोप लागली नाही ते मोठ्या फळाचं, असंही चरक म्हणतो. पहाटेचं स्वप्न खरं होतं या समजुतीची ही जवळची नातेवाईक. फळाचं बाजूला ठेवू, पण निरीक्षण अचूक आहे. झोपेचं एक आवर्तन साधारण नव्वद मिनिटांचं असतं. डोळ्यांच्या जलद हालचालींची जी झोप, जिला रेम म्हणतात आणि जी 1953 साली प्रयोगशाळेत पहिल्यांदा नोंदली गेली, तिचे टप्पे रात्रीच्या सुरुवातीला काही मिनिटांचे आणि पहाटेकडे बरेच लांब असतात. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक याच टप्प्यांत पडतात. त्यातून जाग आली की स्वप्न आठवतं. पुन्हा डोळा लागला की ते पुसलं जातं. पहाटेचं स्वप्न जास्त खरं असतं की नाही ते बाजूला, जास्त लक्षात राहतं हे नक्की.

आता नोंदीकडे. उशाशी वही आणि पेन, मोबाइल नको. स्क्रीन उजळली की पहिल्या सूचनेबरोबर अर्धं स्वप्न जातं. जाग आल्यावर कूस बदलू नका, डोळे मिटलेलेच ठेवा. शेवटचं चित्र धरून मिनिटभर उलटं मागे जा. मग आधी सुटे शब्द लिहा: देऊळ, ओली पायरी, घंटा नाही. वाक्यं नंतर. पहिल्या पाच मिनिटांत निसटणारं पुष्कळ असतं आणि वाक्य जुळवत बसलं की व्याकरण सांभाळलं जातं, तपशील जातो.

पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे फक्त दिसलेलं, ऐकलेलं, जाणवलेलं. उजवी बाजू त्या दिवशी कोरीच ठेवा. डावीकडे वर तारीख, किती वाजता झोपलात, कशाने जाग आली, ताप किंवा नवं औषध होतं का. ऐकलेले शब्द अवतरणात, जसेच्या तसे, अडखळले असतील तर अडखळतच. स्वप्नात तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होतात की स्वतःला बाहेरून पाहत होतात, हे विसरू नका. आणि जे दिसलं नाही पण 'माहीत होतं', ते कंसात. हे कंस फार महत्त्वाचे. पूर्वजन्माचा जवळजवळ सगळा मजकूर कंसातच सापडतो.

उदाहरण म्हणून एक रचलेली नोंद घेऊ. डावीकडे असं आहे: "दगडी देऊळ. पायऱ्या ओल्या. अंगावर भगवं. हातात काहीतरी जड, बहुतेक कळशी. आतून बाईचा आवाज, 'आलास? उशीर केलास.' मूर्ती लक्ष्मीची, उभी, कमळावर, मागे हत्ती. (मी इथला पुजारी होतो.) (तीनेकशे वर्षांपूर्वीचं.) रडत जाग आली." चहाच्या वेळी हेच घरच्यांना कसं सांगितलं जाईल? "मी तीनशे वर्षांपूर्वी एका देवळात पुजारी होतो, आणि देवीने मला हाक मारली." कंस उडाले, बाईचा आवाज देवीचा झाला, कळशी आणि ओल्या पायऱ्या गळाल्या. कुणी खोटं बोललेलं नाही. सांगणं हीच दुरुस्ती असते, आणि दुसऱ्यांदा सांगताना माणसाला स्वप्न आठवत नाही, पहिलं सांगणं आठवतं. म्हणून लिहून होईपर्यंत कुणालाही सांगू नये. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते प्रेमळ श्रोत्यामुळे, जो विचारतो, "देऊळ नदीकाठी होतं का रे?" संध्याकाळपर्यंत नदी वाहायला लागते.

दुसऱ्या दिवशी उजवी बाजू. प्रत्येक तपशिलासमोर तो या जन्मात कुठे भेटला ते लिहा. आदले दोन दिवस तर तपासाच, पण पाच ते सात दिवसांपूर्वीचेही तपासा. एखादा प्रसंग लगेच स्वप्नात येतो तसाच आठवडाभराने पुन्हा डोकावतो, असं स्वप्नांच्या अभ्यासांत आढळलं आहे. मग लहानपणाकडे या: चित्रं, कीर्तन, मालिका, आजीच्या गोष्टी. वाचलेलं विसरून जाणं आणि तेच पुढे स्वतःची आठवण म्हणून वर येणं, याला मानसशास्त्रात क्रिप्टोम्नेशिया म्हणतात. हे अगदी सचोटीच्या माणसाचंही होतं.

आपल्या नोंदीतली लक्ष्मी पाहा. कमळावर उभी, मागे हत्ती. हे रूप आपल्या डोळ्यांत इतकं पक्कं बसलं त्यात राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांचा आणि त्यांवरून निघालेल्या कॅलेंडरांचा वाटा मोठा आहे, आणि त्याचा छापखाना मुंबईत 1894 साली सुरू झाला. देवीचा चेहरा, साडी, कमळ त्या चित्रातलं असेल, तर ती आठवण तीनशे वर्षांपूर्वीची नाही. देवीने भक्ताला ओळखीच्या रूपात दर्शन दिलं असं श्रद्धा म्हणू शकते, त्याला हरकत नाही. पण मग 'तीनशे वर्षांपूर्वी' हा कंस खोडावा लागतो. दोन्ही एकदम ठेवता येत नाहीत.

काळाची ही कसोटी साधी आणि निर्दय आहे. यादवांच्या काळातल्या स्वयंपाकघरात मिरची, बटाटा किंवा टोमॅटो दिसला तर ते स्वप्न आजच्या डोक्यात शिजलेलं आहे. ही पिकं अमेरिका खंडातून युरोपियनांमार्फत सोळाव्या शतकात आणि त्यानंतर इकडे आली. ओढून पेटवायची काडी एकोणिसाव्या शतकातली. भाषा सगळ्यात बोलकी: सातशे वर्षांपूर्वीचा माणूस तुमच्याशी आजच्या मराठीत बोलला, तर अर्थ स्वप्नाचा आणि शब्द तुमचे. अशी एखादी चूक सापडली म्हणजे सगळंच रद्द झालं असं नाही. पण तेवढा तपशील पुराव्यातून काढायचा, आणि काढला हेही लिहायचं.

एवढं करून काही उरलंच, तर उरलेल्याची सुटी विधानं करा, एका ओळीत एक. प्रत्येकापुढे लिहा: तपासता येण्यासारखं आहे का, आणि किती ठिकाणी लागू पडेल. 'दगडी देऊळ, ओल्या पायऱ्या' हे हजारो ठिकाणी लागू पडतं, त्याची किंमत शून्याजवळ. एखादं नाव, एखादी न शोभणारी गोष्ट, उदाहरणार्थ घंटा नसलेलं देऊळ, याला किंमत. कागदावर तारीख घाला, पाकीट बंद करा, ज्याला यात रस नाही अशा माणसाकडे द्या. इंटरनेटवर शोध त्यानंतर, आधी नाही. शोधात दिसलेलं चित्र दोन दिवसांत 'स्वप्नातही अगदी असंच होतं' होऊन बसतं. आणि हिशेब मांडताना चुकलेली विधानंही मोजा. बारापैकी तीन जुळली हे वाक्य सांगताना 'तीन जुळली' एवढंच उरतं.

या बंद पाकिटाचा आग्रह का, ते पूर्वजन्माच्या सर्वांत मोठ्या संशोधनावरून कळतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ इयन स्टीव्हन्सन यांनी 1960 च्या दशकापासून अशी प्रकरणं गोळा केली. तिथल्या संग्रहात अडीच हजारांच्या आसपास प्रकरणं आहेत. त्यांतली बहुसंख्य लहान मुलांची. दोन ते चार वर्षांच्या वयात, जागेपणी, खेळता खेळता बोलणारी आणि पाच ते आठ वर्षांच्या दरम्यान गप्प होणारी. 1930 च्या दशकात गाजलेलं दिल्लीच्या शांतिदेवीचं प्रकरणही असंच, मथुरेतल्या घराबद्दल जागेपणी बोलणाऱ्या लहान मुलीचं. मोठ्यांची स्वप्नं आणि संमोहनातून काढलेल्या 'आठवणी' यांवर स्वतः स्टीव्हन्सन यांचा फारसा भरवसा नव्हता. आणि मुलांच्या प्रकरणांवरही मुख्य आक्षेप हाच राहिला की बहुतेक ठिकाणी दोन्ही कुटुंबं भेटून गेल्यावर संशोधक पोचले. मुलाचं बोलणं पडताळणीच्या आधी कागदावर उतरलेलं आहे अशी प्रकरणं फार थोडी, आणि वजन त्यांनाच आहे.

संमोहनाबद्दल एकच सांगून पुढे जाऊ. 1952 साली अमेरिकेत एका बाईने संमोहनाखाली आपण एकोणिसाव्या शतकातली आयरिश बाई ब्रायडी मर्फी होतो असं सांगितलं, 1956 मध्ये त्यावरचं पुस्तक तुफान खपलं. आयर्लंडमध्ये अशा बाईच्या जन्ममृत्यूची नोंद मिळाली नाही. उलट सांगणारीच्या लहानपणी समोरच्या घरात एक आयरिश बाई राहत होती, असं वृत्तपत्रांनी छापलं. स्वप्नाचा उरलेला भाग 'बाहेर काढायला' संमोहनाच्या खुर्चीत बसणं म्हणजे कोऱ्या उजव्या बाजूवर दुसऱ्याला लिहायला देणं.

गरोदरपणातली स्वप्नं मात्र वेगळ्या काळजीची आहेत. गेलेलं माणूस स्वप्नात येऊन 'मी येतोय' म्हणतं, याला संशोधक आगमनसूचक स्वप्न म्हणतात. ब्रह्मदेशात अशी स्वप्नं बहुधा गर्भ राहण्याआधी पडतात, तर उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या जमातींत गरोदरपणाच्या शेवटी, असं स्टीव्हन्सन यांनी नोंदवलं आहे. जिथे जशी अपेक्षा तसं स्वप्न, असाही याचा अर्थ लावता येतो. शिवाय गरोदरपणात रात्री वारंवार जाग येते, त्यामुळे स्वप्नं जास्त आठवतात. घरात नुकतंच कुणी गेलेलं असेल तर ते स्वप्नात न येणं हेच नवल. हे स्वप्न लिहून, तारीख घालून ठेवून द्यावं. बाळाला सांगू नये, बाळादेखत नातेवाइकांनाही नाही. 'आजोबाच परत आले' हे ऐकत वाढलेल्या मुलाने तिसऱ्या वर्षी आजोबांची काठी ओळखली, तर त्यातून काहीच कळत नाही. आणि पुराव्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे, त्या मुलाला स्वतःचं काही आवडायला जागा उरत नाही. मूल आपणहून काही बोललंच तर त्याचे शब्द तारखेसह टिपा, पुढचा प्रश्न विचारू नका.

काही गोष्टींत अर्थ शोधण्याआधी शरीराकडे पाहायला हवं. जाग आहे पण हलता येत नाही, छातीवर दाब, खोलीत कुणीतरी आहे अशी खात्री: हा निद्रापक्षाघात. रेम झोपेत स्नायू सैल पडतात, ती अवस्था जाग आल्यावरही काही सेकंद ते एक-दोन मिनिटं रेंगाळते. जागरण झालेलं असताना आणि उताणं झोपल्यावर हे जास्त होतं. नैराश्यावरची काही औषधं, बीटा-ब्लॉकर गटातली रक्तदाबाची काही औषधं, निकोटिनचे पॅच यांनी स्वप्नं विलक्षण ठसठशीत होतात. मात्र औषध परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं. झोपेत खरोखर लाथा-बुक्के मारणं, पलंगावरून उडी घेणं हे 'मागच्या जन्मातलं युद्ध' समजून सोडून देऊ नका, मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा.

तेच मरण, तोच बुडण्याचा प्रसंग पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर पूर्वजन्म शोधत बसण्यापेक्षा दिवसा जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट बदलून लिहावा आणि रोज दहा-वीस मिनिटं बदललेलं चित्र मनात घोळवावं. वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवर वापरली जाणारी ही उपचारपद्धती आहे. वाईट स्वप्नानंतर तिथेच पुन्हा सौम्य स्वप्न दिसलं तर फळ शुभ, असं चरकातही आहे. तो उपचार सांगत नव्हता, पण ओळ आठवल्याशिवाय राहत नाही.

राहिला स्वप्नातला आदेश. नामदेवांनी कवित्व करायला सांगितलं, तुकोबांनी ते केलं. जागेपणी कुणी सांगितलं असतं तरी ते करण्यासारखंच होतं. आदेश औषध सोडण्याचा, घर विकण्याचा, जोडीदार 'मागच्या जन्मीचा वैरी' म्हणून तोडण्याचा असेल, तर तो कुणाच्याही रूपात आलेला असो, महिनाभर काहीच करू नये. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगणारा आवाज जागेपणीही ऐकू येत असेल, तर महिना थांबायचं नाही, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं. बाकीच्या आदेशांसाठी महिन्यानंतर डावी बाजू पुन्हा वाचा, फक्त डावी. बऱ्याचदा तिथे आदेश नसतोच. "आलास? उशीर केलास," एवढंच असतं, आणि ओल्या पायऱ्या.